विषय क्रमांक अकरा

"माय गेली, गुर्जी," मच्छिंद्र म्हणाला. ओट्यावर बस म्हटलं तरी तो खाली अंगणातच उभा राहिला.

मी संध्याकाळच्या वर्गासाठी पाट्या पुसून उन्हात मांडत होतो. ओलं फडकं हातातच राहिलं. कधी, म्हणून विचारलं. पहाटे, म्हणाला. चहा मागितला, दोन घोट घेतले आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गेली.

"काही बोलल्या का शेवटी?"

"तेच की. जागा झाली का, विचारलं." तो थांबला. "मी हो म्हणलं."

मच्छिंद्र सावंत माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला होता. पाढे पाठ, अक्षर वळणदार, आणि खोटं बोलायची वेळ आली की कान लाल व्हायचे. त्या सकाळीही त्याचे कान लाल दिसत होते.

केसराबाई म्हणजे त्याची आई. आमच्या गावात त्यांना ओळखत नाही असं घर नव्हतं. खांद्याला झोळी लावून त्या सुया, मणी, काळे दोरे विकत फिरायच्या. मी निवृत्त झाल्यावर गोसावी वस्तीतली मुलं गोळा करून शिकवायला लागलो, तेव्हा बसायला ओसरी दिली ती त्यांनी. मुलं पाढे म्हणायची आणि त्या भिंतीला टेकून, मांडी घालून ऐकायच्या. मधेच एखाद्याला म्हणायच्या, "अरे, गुर्जी तुझ्या नाकाकडं बघून शिकवतेत, नाक पूस आधी." वर्ग सुटला की मला रोज एकच प्रश्न. गुर्जी, माझी जागा झाली का?

त्यांच्या लोकांत मयताला जाळत नाहीत. बसवून पुरतात, भोवती मीठ आणि भस्म भरतात. समाधी म्हणतात त्याला. त्यांची जुनी जागा ओढ्याच्या काठाला होती. तिथे प्लॉट पडले, समर्थनगर झालं. केसराबाईंचे मालक जिथे बसले आहेत तिथे आता कुणाची तरी मोटार उभी असते. मागच्या खेपेला वस्तीत एक म्हातारा वारला तेव्हा समर्थनगरची माणसं आडवी झाली, पोलीस आले, आणि शेवटी मयत टेम्पोत घालून दुसऱ्या तालुक्यातल्या पाहुण्यांच्या गावाला न्यावं लागलं. वाटेत टेम्पो बंद पडला. तेव्हापासून केसराबाईंनी एक धोशा लावला होता. मला जाळू नका आणि टेम्पोत घालू नका.

मी त्या वेळी नगरपालिकेत स्वीकृत सदस्य होतो. निवडून आलेला नव्हे, गावातला एक जाणता म्हणून घेतलेला. स्वीकृत सदस्याला सभेत बोलता येतं, मत देता येत नाही. पंपहाऊसच्या मागे नगरपालिकेची एक पडीक पट्टी होती. ती गोसावी समाजाच्या दफनभूमीसाठी राखून ठेवावी, एवढी मागणी मी अध्यक्षांच्या मागे लागून विषयपत्रिकेवर आणली होती. विषय दोनदा आला आणि दोनदा पडला. कुणी विरोध केला म्हणून नव्हे. कुणी तरी वारलं म्हणून.

आमच्या नगरपालिकेत एक रीत होती. गावातलं कुणी मोठं माणूस गेलं, की सभेत दुखवट्याचा ठराव मांडायचा, सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं, आणि मयताच्या मानासाठी सभा तहकूब करायची. रीत चांगलीच होती. पण चांगली रीत फार दिवस चालली की तिला दोरी बांधून कुणी तरी ओढायला लागतं. नको असलेला विषय जवळ आला की कुणाला तरी एखादा मयत आठवायचा. गावात मरणाला काय तोटा? पहिल्या खेपेला एक माजी अध्यक्ष वारले होते, ते ठीक. दुसऱ्या खेपेला एका सदस्याचे सासरे, तेही परजिल्ह्यातले. दोन्ही वेळी ठराव मांडणारा माणूस एकच. उपाध्यक्ष दिगंबरराव ढवळे. समर्थनगरातले बरेचसे प्लॉट त्यांचे होते.

आणि योगायोग पाहा, त्या दिवशी दुपारी सभा होती. पुढच्या आठवड्यात निवडणुकीची आचारसंहिता लागणार, म्हणजे ही शेवटचीच. आमचा विषय अकरावा.

मी मच्छिंद्रला म्हणालो, "सभा संपेपर्यंत गावात कुणाला कळू देऊ नकोस."

त्याला आधी समजलंच नाही. मग मी त्याला समजावून सांगितलं, लहानपणी भागाकार समजावायचो तसं, एकेक पायरी. त्याने मान हलवली. मग म्हणाला, बाया रडतेत, गुर्जी. त्यांना काय सांगू?

थोडा वेळ दम धरा म्हणावं, मी म्हणालो. दिवस मावळायच्या आत आपल्या जागेत बसवू त्यांना.

तो गेला. पाट्या उन्हात वाळल्या होत्या. मी त्या उगाच पुन्हा एकदा पुसल्या.

सभागृहाच्या दाराशी मी अध्यक्षांना गाठलं. विमलताई हाटकर. बाई सरळ मनाच्या. पण राखीव जागेमुळे खुर्चीवर आलेल्या, आणि ढवळे बोट ठेवतील तिथे सही करायची त्यांना सवय लागलेली. अकरावा विषय आधी घ्या, म्हणून मी विनवलं. त्यांनी ढवळ्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, क्रम बदलला तर लोक विचारतील, गुरुजी. होईल की आज. आज तर कुणी वारलेलंही नाही.

मी माझ्या खुर्चीकडे वळलो.

सभा सुरू झाली. लिपिक एकेक विषय वाचायचा, ताई विचारायच्या मंजूर का, आणि बाकांवरून आवाज यायचा मंजूर. रस्त्यावरचे दिवे. आठवडी बाजाराचा ठेका. मोकाट कुत्री, त्यावर जरा विनोद झाले. गटारांची फवारणी. एका सदस्याला डुलकी लागली होती, तो झोपेतच मंजूर म्हणत होता. मी मनात म्हणत होतो, असंच चालू दे. दाराबाहेर व्हरांड्यात मच्छिंद्र येऊन उभा होता. धुतलेला सदरा, हातात टोपी.

सातवा विषय चालू असताना ढवळे आत आले. बसले नाहीत. माझ्याकडे पाहून त्यांनी हात जोडले, आणि ते जोडलेले हात तसेच ठेवून अध्यक्षांकडे वळले.

"अध्यक्ष महोदया, विषय थांबवावे लागतील. वाईट बातमी आहे."

यांना कसं कळलं, ते मला नंतर समजलं. मच्छिंद्रचा धाकटा भाऊ खडेमीठ आणायला बाजारात गेला होता. कुणाला काही बोलला नाही, रडला नाही, सांगितलं होतं तसं सगळं पाळलं. फक्त दोन पोती मीठ मागितलं, आणि ते मागितलं ढवळ्यांच्याच दुकानात. गोसाव्याच्या घरी लग्नाला साखर लागते. पोत्याने मीठ कधी लागतं ते गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

ढवळे बोलायला उत्तम होते. ते म्हणाले, आज पहाटे आपल्या गावच्या ज्येष्ठ माता केसराबाई सावंत आपल्यातून गेल्या. या सभागृहात असा एकही माणूस नसेल, ज्याच्या मनगटाला लहानपणी केसराबाईंनी आणून दिलेला काळा दोरा बांधला गेला नाही. बाळंतिणीच्या दारात आधी केसराबाई यायच्या, मग नातेवाईक. त्यांच्या झोळीत सुया होत्या, पण त्या कुणाला टोचून बोलल्या नाहीत. हे शेवटचं तेवढं खोटं होतं, बाकी सगळं खरं. मला ते खरं असण्याचाच त्रास होत होता.

"वस्तीतल्या माणसासाठी या सभागृहाने कधी दुखवटा केला नाही," ते म्हणाले. "आज करू. केसराबाई एका घरच्या नव्हत्या, गावाची माय होत्या. सर्वांनी उभं राहावं, आणि त्यांच्या मानासाठी आजची सभा तहकूब व्हावी."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. डुलकी लागलेला सदस्यही उठला. अध्यक्ष उठल्या, मुख्याधिकारी सय्यद साहेब उठले, लिपिक उठला. मी दाराकडे पाहिलं. मच्छिंद्रने टोपी काखेत धरून हात जोडले होते आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सकाळी माझ्या अंगणात तो रडला नव्हता.

मी बसून राहिलो.

आयुष्यभर मी मुलांना उभं राहायला शिकवलं. प्रार्थनेला, राष्ट्रगीताला, कुणी गेल्यावर मौनाला. हलायचं नाही, खाजवायचं नाही, शेजाऱ्याला चिमटा काढायचा नाही. माझे पाय आपोआप उठायला निघाले होते, ते मी खुर्चीच्या दांड्यात अडकवून धरले.

मौन सुरू होईना. एक माणूस बसलेला असला की मौन धरता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"गुरुजी," विमलताई हळू आवाजात म्हणाल्या, "सगळे उभे आहेत."

"दिसतंय, ताई."

"तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, गुरुजींना खुर्ची सोडवत नाही. दोघे-तिघे हसले आणि मौनात आहोत हे आठवून गप्प झाले.

ढवळे माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, समजूत होती. "गुरुजी, मयताचा तरी मान राखा. तुम्ही तर त्यांच्याच ओसरीत मुलं शिकवता."

"म्हणून तर बसलोय," मी म्हणालो. "अकरावा विषय होऊ द्या. मग दोन मिनिटं काय, दिवसभर उभा राहतो."

"दुखवट्यात सौदा करता?"

मी सय्यद साहेबांकडे पाहिलं. ढवळेही त्यांच्याकडेच वळले आणि म्हणाले, स्वीकृत सदस्याला मत नसतं, त्यांचं बसणं धरू नका, ठराव झाला म्हणून लिहा. सय्यद तरुण होते, मोजकं बोलायचे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मत नाही, बरोबर आहे," ते म्हणाले. "पण दुखवट्याला मत घेतच नाहीत. तो सगळ्यांनी मिळून होतो. गुरुजी या सगळ्यांत येतात की नाही, ते अध्यक्षांनी सांगावं."

सगळे विमलताईंकडे बघायला लागले. उभे राहून त्यांचे पाय दुखायला लागले होते. एक जण बसला, मग दुसरा. ताईंनी दाराकडे पाहिलं. मच्छिंद्रचे हात अजून जोडलेलेच होते. त्याच्या नजरेत काय चाललंय ते त्यांना वाचता येत नव्हतं आणि मला वाचायचं धाडस होत नव्हतं.

ताई खाली बसल्या. विषयपत्रिका पुढे ओढून म्हणाल्या, "सात ते दहा मंजूर. विषय क्रमांक अकरा."

"ताई, दुखवटा चालू आहे," ढवळे म्हणाले.

"दुखवटाच चाललाय, दिगंबरराव. बसा."

त्या बाईला असं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही फारसं नाही. लिपिकाने विषय वाचला. पंपहाऊसमागील जागा गोसावी समाजाच्या दफनभूमीसाठी राखून ठेवणेबाबत. सूचक कोण, ताईंनी विचारलं. कुणी बोलेना. सूचकाशिवाय ठराव होत नाही, आणि मला सूचक होता येत नव्हतं.

"सूचक म्हणून दिगंबररावांचं नाव लिहा," ताई लिपिकाला म्हणाल्या. मग ढवळ्यांकडे न बघता, "आत्ता तुम्हीच म्हणालात ना, गावाची माय. मग माय काय टेम्पोतून न्यायची?"

दारात तिचा लेक उभा. बाकांवर मनगटं चाचपणारी माणसं. ढवळे हुशार होते. आपण बांधलेली गाठ आपल्याच हाताला बसली की हसून सोडवायची, हे त्यांना येत होतं. ते म्हणाले, माझा विरोध कधी नव्हताच. फक्त त्यात एवढं घाला, समर्थनगरच्या बाजूने जागेला भिंत बांधावी, उंच. घातलं. अनुमोदन आलं. मंजूर का? मंजूर. गटारांच्या फवारणीला जितका वेळ लागला होता, तितकाच लागला.

सय्यद साहेब व्हरांड्यात जाऊन मच्छिंद्रला म्हणाले, जा, खड्डा घ्यायला लागा, कागदाचं मी बघतो.

इकडे सगळे उठले होते. मला वाटलं आता दुखवटा, म्हणून मीही उठून, हात सरळ धरून उभा राहिलो. पण ते चहासाठी उठले होते. ताई, दुखवटा राहिला, मी म्हणालो. त्या दमून गेल्या होत्या. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, आता कुणाला थांबवू, गुरुजी? उभे राहिलो होतोच की मघाशी. इतिवृत्तात लिहून टाकू.

मी वस्तीकडे निघालो तेव्हा मच्छिंद्र फाटकाशी माझी वाट पाहत होता. आम्ही बरोबरच चालू लागलो. पंपहाऊसकडून टिकावाचे आवाज येत होते. मला वाटत होतं तो काही तरी म्हणेल. आभार नव्हेत, पण काही तरी.

"सगळे उभे राहिले होते, गुर्जी," तो म्हणाला. "मायसाठी. आमच्या माणसासाठी आजवर कुणी उठलेलं बघितलं नव्हतं मी."

"मच्छिंद्र, मी उठलो असतो तर सभा तिथेच संपली असती. माय आज तशीच राहिली असती."

"ते कळतंय मला."

"मग?"

तो चालतच होता. "उठले होते ना पण ते. तुम्ही बसला म्हणून बसले."

मला त्याला समजावता आलं असतं. ढवळ्यांच्या मनात काय होतं ते एकेक पायरी करून सांगता आलं असतं. पण ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला रीत काय शिकवायची?

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. भिंत महिन्याच्या आत उभी राहिली. तिथे जायचा रस्ता मात्र अजून कच्चाच आहे. पुढच्या नगरपालिकेने दुखवटा सभेच्या शेवटी घ्यायचं ठरवलं होतं. ते दोन सभा टिकलं. गावात बरेच दिवस माझं नाव निघालं की लोक सांगायचे, मयताला उठले नाहीत ते हेच गुरुजी. मी ते दुरुस्त करत बसलो नाही. वर्ग चालूच राहिला, त्याच ओसरीत. मच्छिंद्रच्या नाती शिकून गेल्या. तो दिसला की रामराम करायचा, चहा पाठवायचा. स्वतः मात्र वर्गाजवळ येऊन बसला नाही.

पण मला आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. पंपहाऊसमागे सगळी वस्ती जमली होती. बाया आता मोठ्याने रडत होत्या, सकाळपासूनचं सगळं एकदम. खड्डा झाला होता. मला कुणी पुढे बोलावलं नाही, अडवलंही नाही. केसराबाईंना आत बसवलं होतं, मांडी घालून, खड्ड्याच्या भिंतीला टेकून, वर्ग चालू असताना बसायच्या तसंच. मला उगाच वाटलं, आता विचारतील.

पोती उसवली. त्यांच्या रीतीप्रमाणे एकेकाने मूठभर मीठ आत सोडायचं आणि मागे सरून जमिनीवर बसायचं. माझी पाळी आली, मी मूठ सोडली. मागे सरलो, पण बसलो नाही. पायांची चुळबूळ थांबवली, हात सरळ सोडले, मान खाली घातली. मुलांना शिकवायचो तसा.

सगळी वस्ती बसलेली, केसराबाई बसलेल्या, आणि मी एकटा उभा. मिठाने गुडघे झाकले, मग हात झाकले. कुणी तरी मागून म्हणालं, गुर्जी, बसा आता, थकाल. दुसऱ्या कुणी तरी त्याला गप्प केलं. मच्छिंद्र घमेल्याने मीठ ओतत होता. खांद्यापर्यंत आलं तेव्हा तो थांबला, त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग रिकामं घमेलं शेजारच्याच्या हाती दिलं आणि तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.